घास बाळाच्या हाती



उष्टावणाचा फोटो आपल्याकडे बहुतेक घरांत सापडतो. बाळ मामाच्या मांडीवर असतं, अंगात नवं झबलं, डोक्यावर जरीची कुंची, समोर चांदीच्या वाटीत खीर. फोटो नीट पाहिला तर आणखी एक गोष्ट दिसते. बाळाचे दोन्ही हात कुणीतरी धरलेले असतात. वाटी कलंडू नये, झबलं भरू नये, मुहूर्ताचा घास सरळ तोंडात जावा, एवढाच त्यामागे हेतू असतो, आणि धरणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं. पण पुढे वर्ष-दीड वर्ष जेवणाच्या वेळी ते हात तसेच धरलेले राहतात. त्या हातांबद्दल मला आज बोलायचं आहे.

ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचं आयुष्य बालवाडीत गेलं. म्हणूनच हा विषय इथे मांडावासा वाटला. आपल्याकडची बालशिक्षणाची चळवळ मुलाच्या हातांवर विश्वास ठेवून उभी राहिली. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर दोघींनी आदिवासी मुलांसाठी जन्मभर काम केलं. तीन वर्षांचं मूल पाणी ओततं, धान्य निवडतं, केर काढतं, आणि त्याला जे जमतं ते मोठ्यांनी करून टाकू नये, हे त्यांनी पडवीत आणि अंगणात करून दाखवलं. आज ते सगळ्यांना पटलेलं आहे. सहा महिन्यांच्या मुलापर्यंत मात्र ते अजून पोचलेलं नाही. तीन वर्षांच्या मुलाला आपण माती, मणी, रंग देतो आणि सहा महिन्यांच्या मुलाच्या हाती रताळ्याची फोड द्यायला घाबरतो.

मी बालरोगतज्ज्ञ आहे, तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते. येणाऱ्या आयांची सर्वांत नेहमीची तक्रार कुठली असेल तर ती तापाची किंवा खोकल्याची नाही. “मॅडम, हा काही खातच नाही,” ही आहे. मूल दहा महिन्यांचं असतं, वजन तक्त्यावर जिथे असायला हवं तिथे असतं, आईच्या मांडीवरून ते माझा स्टेथोस्कोप ओढत असतं. मी विचारते, काय देता? “सगळं देते. वरणभात, भाजी, सफरचंद. मिक्सरमधून काढून.” कसं देता? मग कळतं की एक जण धरतो, एक जण मोबाइल दाखवतो आणि तोंड उघडलं की चमचा आत जातो. असं पाऊण तास, कधी तासभर. शेवटी ओकारी, रडारड, आणि आईच्याही डोळ्यांत पाणी. “तो स्वतः हात घालतो का वाटीत?” “घालतो ना. पण मी घालू देत नाही, सगळं सांडतो.”

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. बाळ सहा महिन्यांचं झालं, आधाराने बसायला लागलं, की घास त्याच्या हाती द्यावा आणि किती खायचं ते त्याचं त्याला ठरवू द्यावं. ताटात काय असेल आणि जेवताना शेजारी कोण बसेल, ही जबाबदारी मोठ्यांची. ती एकट्या आईची नाही, आणि या शेवटच्या मुद्द्यासाठी मी थोडा वेळ राखून ठेवणार आहे.

आपण समजतो की गुळगुळीत वाटलेलं अन्न हीच बाळाच्या खाण्याची जुनी रीत. आपल्या स्वयंपाकघरात खिमट होतं, पेज होती, गुरगुट्या भात होता, नाचणीचं सत्त्व होतं. यातलं सत्त्व सोडलं तर बाकीचं सगळं बोटांनी मोडलेलं, कण राहिलेलं असायचं. आजी भाताचं शीत अंगठ्याखाली चिरडून बघायची आणि तेवढं मऊ झालं की पुरे म्हणायची. एकजीव, गाळलेली, डब्यातली भाजी ही अमेरिकेतल्या कारखान्याची देणगी आहे. मिशिगन राज्यातल्या फ्रीमाँट गावात गर्बर कुटुंबाचा डबाबंद भाज्या-फळांचा कारखाना होता. १९२८ मध्ये त्यांनी बाळांसाठी गाळलेल्या भाज्यांचे डबे बाजारात आणले. पुढच्या काही दशकांत तिथे वरचं अन्न सुरू करण्याचं वय खाली खाली घसरत गेलं आणि १९५० च्या सुमाराला काही आठवड्यांच्या बाळालाही चमच्याने भरवायला सुरुवात झाली. एवढ्या लहान बाळाला मान धरता येत नाही, जिभेवर आलेली वस्तू ते बाहेर ढकलतं. त्याच्या पोटात अन्न घालायचं तर ते पातळच करावं लागतं. वय चुकलं म्हणून अन्नाला हा आकार आला.

२००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पहिले सहा महिने फक्त आईचं दूध ही शिफारस केली. वय वर सरकलं, पण वाटी तीच राहिली. दोन महिन्यांच्या बाळासाठी जे पातळ केलं होतं ते आता आपण सहा महिन्यांच्या, बसणाऱ्या, हात पुढे करणाऱ्या बाळाला देतो. ही विसंगती ज्यांच्या नीट लक्षात आली त्यांत ब्रिटनमधल्या जिल रॅपली यांचं नाव घ्यायला हवं. त्या घरोघरी जाऊन बाळंतिणींना आणि बाळांना भेटणाऱ्या आरोग्यसेविका होत्या. सहा महिन्यांचं बाळ हाताने उचलून खाऊ शकतं, त्याला मधल्या पातळ टप्प्याची गरज पडत नाही, हे त्यांनी निरीक्षणातून मांडलं आणि २००८ मध्ये ट्रेसी मर्केट यांच्याबरोबर त्यावर पुस्तक लिहिलं. त्यानंतर ही पद्धत युरोपात, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये आणि आता आपल्या शहरांतही पसरली.

पण या विचाराची मुळं आणखी ऐंशी वर्षं मागे जातात, आणि तिथे थोडं थांबलं पाहिजे. क्लारा डेव्हिस या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ. त्यांनी १९२६ मध्ये एक प्रयोग सुरू केला, आधी क्लीव्हलँडला आणि नंतर शिकागोला. नुकतीच अंगावरून तोडलेली, सहा ते अकरा महिन्यांची, त्याआधी वरचं अन्न कधीच न चाखलेली बाळं त्यांनी घेतली. एकूण पंधरा मुलं. काहींच्या जेवणाची नोंद त्यांनी साडेचार वर्षांपर्यंत ठेवली. ज्यांच्या आयांना सांभाळणं शक्य नव्हतं अशी ही मुलं होती आणि ती संस्थेतच राहत. आज कुठलीही नैतिकता समिती अशा प्रयोगाला परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्यांनी जे पाहिलं ते पुन्हा कुणाला पाहता येणार नाही, म्हणून ते विसरताही येत नाही.

त्या काळी अमेरिकेत डॉक्टर बाळाच्या जेवणाचा तक्ता लिहून देत. किती औंस, किती वाजता, कुठल्या आठवड्यात कुठली भाजी. न खाणाऱ्या मुलाला उपाशी ठेवा, वळण लागेल, असंही सांगितलं जाई. डेव्हिसबाईंनी तक्ता बाजूला ठेवला. मुलांसमोर वेगवेगळ्या वाट्यांत साधे, एकेकटे पदार्थ मांडले जात. दूध, आंबवलेलं दूध, सफरचंद, केळी, टोमॅटो, गाजर, बीट, वाटाणे, कोबी, बटाटा, ओट, गहू, बार्ली, मटण, कोंबडी, कलेजी, मेंदू, हाडातला मगज, मासा, अंडी आणि वेगळ्या वाटीत मीठ. साखर नाही, मैदा नाही, डब्यातलं काही नाही. शेजारी परिचारिका चमचा घेऊन स्थिर बसायची. मुलाने एखाद्या वाटीकडे हात केला तरच चमचा भरायचा आणि त्याने तोंड उघडलं तरच द्यायचा. काही सुचवायचं नाही, कौतुक करायचं नाही, रागवायचं नाही. मुलाने बोटं बुडवली तरी चालेल. थांबला की ताट उचलायचं आणि उरलेलं वजन करून लिहून ठेवायचं.

मुलांनी काय केलं? एकाने सकाळी संत्र्याचा रस आणि कलेजी खाल्ली. दुसऱ्याने रात्री अंडी, केळी आणि दूध. एका जेवणाकडे पाहिलं तर कुठल्याही आहारतज्ज्ञाला घाम फुटावा. पण काही आठवड्यांची बेरीज केली तर प्रत्येकाचा आहार पुरेसा निघाला, आणि दोन मुलांचे आहार एकसारखे कधीच निघाले नाहीत. मुलं वाढली, तंदुरुस्त राहिली. एका मुलाला आल्या वेळी मुडदूस होता. त्याच्या ताटात कॉड माशाच्या यकृताचं तेल ठेवलं गेलं. ते त्याने आपणहून घेतलं, हाडं बरी होईपर्यंत कमीजास्त घेत राहिला, आणि नंतर सोडून दिलं.

या मुलाची गोष्ट फार सांगितली जाते, आणि तिच्यातून शरीराला सगळं कळतं असा निष्कर्ष काढला जातो. डेव्हिसबाईंनी स्वतः तो काढला नाही. १९३९ मध्ये आपलं काम मांडताना त्यांनी स्पष्ट म्हटलं की खरी मेख पदार्थांच्या यादीत होती. साखर आणि कारखान्यातलं अन्न वगळून जी यादी उरली, तिच्यातून मुलाने काहीही निवडलं तरी ते फार चुकू शकत नव्हतं. साखर-मैद्याचे पदार्थ समोर ठेवून पुढचा प्रयोग करण्याची त्यांची इच्छा होती, पण मंदीत पैसे संपले आणि तो राहून गेला. माझ्या मते या प्रयोगातून आपण दोन गोष्टी घ्यायच्या. पदार्थांची ती यादी, आणि ती परिचारिका, जी सबंध जेवण संपेपर्यंत उठली नाही. निवड मुलाची होती, पण मूल एकटं नव्हतं.

आता प्रत्यक्ष बाळाकडे येऊ. सहा महिन्यांच्या सुमाराला तीन गोष्टी जुळून येतात. मान आणि पाठ सावरते, आधाराने बसता येतं. वस्तू बाहेर ढकलणारी जिभेची सवय मंदावते. आणि दिसलेली वस्तू पकडून तोंडात घालता येते. या तिन्ही गोष्टी दिसेपर्यंत थांबावं, पंचांगातला सहावा महिना एवढ्यावर जाऊ नये. या वयात बाळ पंजाने धरतं. त्यामुळे बोटाएवढी लांब फोड द्यावी, म्हणजे मुठीतून वर आलेला भाग चोखता येतो. नवव्या-दहाव्या महिन्यात अंगठा आणि तर्जनीची चिमूट जमते, मग वाटाणा, भाताचं शीत, मटकीचा मऊ शिजलेला दाणा ते एकेक उचलतं. दात नसले तरी अडत नाही. बाळाच्या हिरड्या घट्ट असतात, आपल्या अंगठा आणि बोटात जे चिरडतं ते त्यांच्यात चिरडतं.

आपल्या घरात यासाठी वेगळं काही आणावं लागत नाही. उकडलेलं रताळं, लाल भोपळा, दुधीची मऊ फोड, पिकलेली पपई, केळं. मुगाच्या धिरड्याची पट्टी. वरणात भिजलेला भाकरीचा तुकडा. मऊ भात, वरण आणि तूप एकत्र करून वळलेला मुटका. अंड्याचं ऑम्लेट लांब कापून. काटे काढलेला सुरमईचा तुकडा, खिम्याचा मऊ गोळा, कोंबडीची शिजवलेली कलेजी. मीठ आणि साखर पहिलं वर्ष नको. मध तर अजिबात नको, घरात बाळगुटीची कितीही जुनी रीत असली तरी. त्यात असू शकणाऱ्या जंतूमुळे वर्षाच्या आतल्या बाळाला जिवावरचं दुखणं होऊ शकतं. खिमट आणि पेज बंद करा असं मी म्हणत नाही. वाटी समोर ठेवा, चमचा भरून त्याच्या हाती द्या, तो तोंडापर्यंत नेईल. कधी नाकापर्यंत नेईल.

आजीचा प्रश्न मला ठाऊक आहे, आणि तो रास्त आहे. घशात अडकलं तर? याचं उत्तर सावकाश द्यायला हवं, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. बाळाला उमाळा येतो, चेहरा लाल होतो, डोळ्यांत पाणी येतं, खोकतं, घास पुढे येतो. हे घसा स्वतःचं रक्षण करत असल्याचं लक्षण आहे. मोठ्या माणसाला ही उबळ घशाच्या मागच्या भागाला स्पर्श झाला की येते. बाळाला ती जिभेच्या बरीच पुढे येते, म्हणून ती वारंवार दिसते. खरं अडकणं वेगळं असतं. त्यात आवाज येत नाही, खोकला येत नाही, ओठ काळे-निळे पडतात. मूल गप्प होतं, हेच भीतीचं.

न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिन इथे यावर काळजीपूर्वक अभ्यास झाला. २०६ कुटुंबांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी केली. एका गटाला हाताने खाऊ देण्याची पद्धत शिकवली, तीही सुधारलेली. प्रत्येक जेवणात लोह असलेला एक पदार्थ आणि भरपूर ऊर्जा देणारा एक पदार्थ हवाच, आणि अडकणारे पदार्थ कटाक्षाने टाळायचे. दुसरा गट नेहमीसारखं भरवत राहिला. सहा ते आठ महिन्यांच्या काळात ३५ टक्के मुलांना निदान एकदा तरी घास अडकला, आणि दोन गटांत यात फरक नव्हता. हाताने खाणाऱ्यांना सहाव्या महिन्यात उबळी जास्त आल्या आणि आठव्या महिन्यात कमी. म्हणजे दोन महिन्यांत ती मुलं शिकली. मला सगळ्यात विचारात पाडणारा आकडा वेगळाच आहे. दोन्ही गट मिळून सातव्या महिन्यात ५२ टक्के आणि बाराव्या महिन्यात ९४ टक्के मुलांना अडकण्याची भीती असलेला एखादा पदार्थ दिला गेला होता. धोका मुलाच्या हातात नसून आपण काय देतो त्यात आहे.

आपल्याकडे या धोक्याचं नाव शेंगदाणा. लहान मुलांच्या श्वासनळीतून काढाव्या लागणाऱ्या वस्तूंत तो वर्षानुवर्षं आघाडीवर आहे. त्याच्या सोबत फुटाणे, चणे, सुपारी, अख्खं द्राक्ष, सीताफळाची आणि बोराची बी, कच्चं गाजर, कच्च्या सफरचंदाची फोड, पॉपकॉर्न. शेंगदाण्याचं बारीक कूट भाजीत घाला, दाणा मात्र चार-पाच वर्षांपर्यंत हाती नको. इथे बोरनहाणाबद्दलही बोलायला हवं. संक्रांतीत बाळाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हलवा, उसाचे करवे ओततात आणि मुलं ते वेचतात. मुलाने आपल्या हाताने खाऊ वेचावा असा आपल्या परंपरेतला हा फार देखणा सोहळा आहे. पण उत्सवमूर्ती बहुधा वर्षाच्या आतलं बाळ असतं. त्याच्या भोवतीचं बोर, हलवा आणि दाणा लगेच उचला, मोठ्या मुलांना वाटा, आणि बाळाच्या समोर पिकल्या केळ्याची फोड ठेवा.

घास खरोखर अडकला तर वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून धरायचं, दोन खांद्यांच्या मधोमध तळव्याच्या टाचेने पाच थापट्या द्यायच्या. निघालं नाही तर उलटं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच वेळा दाबायचं, पुन्हा थापट्या, आणि तोवर दुसऱ्याने मदत बोलवायची. घास दिसत नसताना तोंडात बोट घालायचं नाही, तो आणखी आत जातो. चमच्याने भरवणाऱ्या घरातही हे सगळ्यांना यायला हवं. बाळ बसूनच खाईल, आडवं नाही, रांगता रांगता नाही, धावत्या रिक्षात नाही. आणि डोळे त्याच्यावर हवेत.

मग या पद्धतीने मिळतं काय? खरं तेवढंच सांगते. ड्युनेडिनच्या अभ्यासात दोन्ही गटांच्या मुलांच्या वजनात फरक पडला नाही. हाताने खाल्लं की मूल पुढे लठ्ठ होत नाही, असा दावा शहरांत फार ऐकू येतो. त्याला या अभ्यासाने दुजोरा दिला नाही. लोहाच्या बाबतीतही दोन गट सारखे राहिले. फरक दिसला तो जेवणाच्या ओढीत. हाताने खाणारी मुलं वर्षाच्या वयाला अन्नाबाबत कमी कटकट करत होती, जेवण त्यांना जास्त आवडत होतं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या परिसरात १९९१-९२ मध्ये जन्मलेल्या हजारो मुलांचा जो दीर्घ अभ्यास चालू आहे, त्यात असं आढळलं की ज्यांना नऊ महिन्यांनंतर पहिल्यांदा कणीदार अन्न मिळालं, ती मुलं सातव्या वर्षीही भाज्या-फळं कमी खात होती आणि त्यांच्या जेवणाच्या तक्रारी जास्त होत्या. चावायला शिकण्याचा एक काळ असतो. तो मिक्सरच्या भांड्यात निघून गेला तर दोन वर्षांचं मूल पोळीचा तुकडा गालात धरून बसतं, आणि आपण म्हणतो, हट्टी आहे.

मला स्वतःला आकड्यांपेक्षा मोठी वाटते ती एक गोष्ट मोजायला अवघड आहे. पोट भरलं हे कळणं. बाळ अंगावर पितं तेव्हा ते स्वतः थांबतं. त्याने किती दूध घेतलं हे आईला माहीत नसतं. ती त्याच्या चेहऱ्यावरून ओळखते. सहा महिने ज्याने आपली भूक स्वतः सांभाळली, त्याच्या हातून ती आपण एका दिवसात काढून घेतो आणि वाटीला देतो. वाटी रिकामी झाली म्हणजे बाळ जेवलं. मान फिरवली तर गाडी येते, विमान येतं, मोबाइल येतो.

इथे चिऊकाऊच्या घासांची बाजू मला घ्यायची आहे. अंगणात बाळाला कडेवर घेऊन चिमण्या दाखवत भरवणारी आजी त्याच्याशी बोलत असे, त्याच्या डोळ्यांकडे पाहत असे, त्याने मान फिरवली की थांबत असे. आज शास्त्र ज्याला प्रतिसाद देत भरवणं म्हणतं, त्यातलं बरंच काही तिच्याकडे होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने नलगोंडा जिल्ह्यातल्या ६० गावांत याच गोष्टीवर काम केलं. काय द्यायचं याच्या जोडीला बाळाचे इशारे ओळखत कसं भरवायचं, त्याच्याशी कसं खेळायचं, हेही काही गावांतल्या आयांना शिकवलं. ज्यांना हे सगळं मिळालं त्यांच्या मुलांचा बौद्धिक विकास सरस आढळला. मोबाइलपुढे बसलेलं मूल कुणाकडेच पाहत नसतं, आणि त्याच्याकडेही फक्त चमचा पाहत असतो.

इतका वेळ मी ज्या बाळाबद्दल बोलले ते पुरेशा दिवसांचं, चांगल्या वजनाचं, ज्याच्या घरात अंडं आणि भाजी आहे, असं बाळ होतं. या सभागृहाबाहेर दुसरी मुलं आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.२ टक्के वयाच्या मानाने खुजी आढळली आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के रक्तक्षयाची. देशभरात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी फक्त ११.३ टक्के. या मुलांपुढे ताट ठेवून तुझं तू ठरव म्हणणं हा अन्याय होईल.

कारण साधं आहे. वारंवार जुलाब, ताप, जंत, रक्तक्षय यांनी भूक मरते. कुपोषित मूल मागत नाही, रडतही नाही, आणि ज्याची भूकच मंदावली आहे त्याच्या भुकेवर भरवसा ठेवता येत नाही. अशा मुलाला मांडीवर घेऊन, चुचकारून, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा भरवावंच लागतं. आजारातून उठलेल्या कुठल्याही मुलाला काही दिवस तसंच लागतं. अपुऱ्या दिवसांच्या, जन्मतः कमी वजनाच्या बाळाच्या शरीरात लोहाचा साठा मुळातच कमी असतो आणि सहा महिन्यांच्या आधीच संपतो. त्यांच्या बाबतीत डॉक्टरांशी बोलल्याशिवाय फोडींच्या भरवशावर राहू नये. आणि सगळ्याच मुलांसाठी, अॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमात सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोहाचं औषध आशाताईंमार्फत मिळतं. ते घ्या, हाताने खाणाऱ्या बाळालाही द्या.

गरीब घरात मूल आपल्या हाताने खातं ते बहुतेक वेळा कुणी भरवायला नाही म्हणून. आई भाताच्या लावणीला किंवा वीटभट्टीवर, बाळ सात-आठ वर्षांच्या बहिणीकडे, हातात बिस्किटाचा पुडा किंवा कोरडा भात. बाहेरून पाहिलं तर हेही आपल्या हाताने खाणंच दिसतं. पण त्या ताटात निवडण्यासारखं काही नाही आणि शेजारी मोठं माणूस नाही. डेव्हिसबाईंच्या प्रयोगातल्या दोन्ही गोष्टी इथे गैरहजर आहेत. त्यामुळे शहरातल्या सुशिक्षित घरांतून आलेली ही पद्धत गावागावांत जशीच्या तशी शिकवू नका, असं मी अंगणवाडीताईंच्या प्रशिक्षणात आग्रहाने सांगते. आधी अंडं, डाळ, तूप, पालेभाजी, आणि सोबत बसणारं माणूस. मग बाळाचा हात सोडा.

आता राखून ठेवलेला मुद्दा. बाळाला हाताने खाऊ द्यायला चमच्यापेक्षा जास्त वेळ लागतो, निदान पहिले दोन-तीन महिने. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोन-तीनदा आणि पुढे तीन-चारदा खायला लागतं. प्रत्येक वेळी अर्धा तास बसायचं, सांडलेलं पुसायचं, बाळाला धुवायचं. हा वेळ कुणाकडे आहे? २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, तीही संघटित क्षेत्रातल्या स्त्रियांना. त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. संपूर्ण रजा बाळंतपणानंतर घेतली तरी ती नेमकी संपते तेव्हा बाळ सहा महिन्यांचं होतं. म्हणजे ज्या आठवड्यात पहिला घास सुरू होतो, त्याच आठवड्यात आई कामावर जाते. पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर असावं असंही कायदा सांगतो. शेतमजूर, घरकाम करणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या बायांना यातलं काहीच नाही.

आणि अंगणवाडी? तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे गरम जेवण मिळतं, ताई समोर असते, चार मुलं सोबत असतात. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना मात्र शिध्याची पाकिटं घरी दिली जातात. ज्या वयात चावणं, उचलणं, थांबणं शिकायचं, त्या वयाचं मूल अंगणवाडीच्या यादीत आहे आणि खोलीत नाही. रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमावं, तिलाही मजुरी द्यावी, असं कायद्याच्या अनुसूचीत लिहिलेलं आहे. ज्या ज्या कामावर मी जाते तिथे मी हे विचारते. तुम्हीही विचारा. त्या बाईला झाडाची सावली, पाण्याचा हंडा आणि मऊ भाताचं पातेलं मिळालं तर ती दुपारच्या एका जेवणापुरती सात-आठ बाळांजवळ बसू शकते.

घरातल्या पुरुषांनाही माझं सांगणं आहे. बाळाच्या जेवणाशेजारी बसायला आईच लागते असं शरीरशास्त्रात कुठे नाही. सहा महिन्यांनंतरचा घास बाप, आजोबा, काका कुणीही समोर ठेवू शकतो. आपण जेवतो तेव्हाच बाळालाही आपल्या पंगतीत बसवलं, आपल्याच ताटातलं कमी मिठाचं, बिनतिखट काढून त्याच्यापुढे ठेवलं, तर निराळा वेळ काढावा लागत नाही. खाली जुनं कापड पसरा. बाळ आपल्याकडे बघून खातं. कोण कसं चावतं, पाणी कसं पितं, पानात उरलं की काय करतं, हे ते तिथेच शिकतं.

या सभेला आसपासच्या गावांचे काही सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्य आले आहेत. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. त्यातून तीन वर्षांखालच्या मुलांसाठी दुपारचं एक पाळणाघर, एका बाईचं मानधन, एक सतरंजी, दहा ताटल्या आणि रोजचं एकेक अंडं यांचा खर्च किती येतो, त्याचं अंदाजपत्रक मी लिहून आणलं आहे. ज्यांना ते हवं आहे त्यांनी कार्यक्रमानंतर व्यासपीठाजवळ यावं. मी थांबते आहे.